बिब्ब्याचा वास

शेजारी कुणी बिब्बा तापवला की मला वडिलांचं पोट आठवतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीच्या सर्जननं सांगितलं होतं, "यकृतातली कॅन्सरची गाठ एकाच कडेला आहे. पुण्यात तेवढा भाग कापून काढतील, उरलेलं यकृत पुन्हा वाढतं." थोरले चुलते भडकले, "गाठीला सुरी लागली की ती पसरती!" आणि वडिलांना इंदापूरकडच्या एका डाग देणाऱ्याकडं घेऊन गेले. तापल्या बिब्ब्यानं कातडी चरचरली, करपट तेलकट वास सुटला, वडील कळवळले, आणि चुलते मात्र देवळात उभं राहावं तसे हात जोडून उभे! पुढं डाग चिघळले, त्यांत पू झाला, गाठ पसरली, ऑपरेशनची वेळ निघून गेली. शेवटची अंघोळ घालताना त्याच काळ्या डागांवर पाणी ओतत चुलते समाधानानं म्हणाले, "बरं झालं, अंगाला सुरी तरी लागली न्हाय." आजही तो वास आला की मी खिडकी लावून घेतो आणि थुंकतो.