खाडीच्या वासाची तक्रार

पांडेसऱ्यात आमच्या गल्लीमागे खाडी आहे. डाइंगवाले तिच्यात रंगाचं पाणी सोडतात आणि त्या वासानं घास नरड्याखाली उतरत नाही. शेवटी वैतागून मी महापालिकेकडे ऑनलाइन अर्ज टाकला. साऱ्या गल्लीनं आपापल्या मोबाइलवरून सह्या केल्या.

महिन्याभरानं सगळ्यांना उत्तर आलं, तक्रार निकाली. सोबत खाडीचा फोटो होता. पाणी नितळ, काठचा लिंब तोच, वाकलेला खांबही तोच. खांबामागे आमची घरं तेवढी नव्हती. तिथे हिरवळ होती.

आमच्याच दारात उभं राहून मी तो फोटो आईला दाखवला. "आपलं घर कोठे शे?" तिनं विचारलं.

फोटोखाली प्रश्न होता, समाधान झालं का? नितळ पाणी बघून गल्लीनं केव्हाच 'हो' दाबलं होतं.