लाइन गेल्यावर

आमच्या कामरगावच्या चक्कीवाल्या काकू लाइन गेली की कुणाला शिव्या देत नाहीत. दळणाची रांग वीजवाल्यांच्या नावाने बोंबलत असते, तेव्हा त्या चक्की उघडतात आणि गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नी-हातोडीने टाकी लावत बसतात. "लाइन माह्या हातची नाही, दगड हाय," एवढंच म्हणतात. कुणी फारच कुरकुर केली तर त्याच्याकडे चाळणी सरकवतात, "बसल्या बसल्या गहू चाळ."

मला हा बाणा सोपा वाटायचा. तासाभराने लाइन येणारच असते.

यंदा उन्हाळ्यात वादळ आलं आणि चक्कीवरची टिनं उडून पलीकडच्या वावरात पडली. सकाळी आम्ही पाच-सहा जण तोंडं पाडून सांत्वनाला गेलो. लाइन रात्रीपासून नव्हतीच. काकू उघड्या आभाळाखाली, डोक्यावर पदर घेऊन, दगड ठोकत होत्या.

"काकू, टिनं गेली ना हो," मी म्हटलं.

"पाह्यली. आणाले मानसं धाडली. तवर दगड करून घेऊन राह्यली."

"तुमाले काहीच वाटत नाही?"

हातोडी थांबली. डोळे सुजलेले होते, ते मला तेव्हा दिसलं.

"वाटते ना. रातभर वाटलं. पण वाटून टिनं वर चढतात काय?"

तेवढ्यात समोरच्या दुकानातला पंखा फिरला. "लाइन आली," सगळे एकदम ओरडले. काकूंनी मान वर केली नाही.

"येऊ द्या. दगड व्हायचा हाय अजून," म्हणाल्या, आणि चाळणी माझ्याकडे सरकवली.