माझी म्हणून ठेवलेली जागा

पेटीमास्तरांचे पाय कधी थांबायचे नाहीत. चहा पिताना, पेपर वाचताना, एस.टी.ची वाट बघतानाही ते पायपेटीचा भाता चालवल्यासारखे वरखाली होत. नळदुर्गच्या हायवेवर एखादा ट्रक हॉर्न वाजवत गेला, की बोलणं अर्धवट टाकून म्हणत, "काळी दोनचा सूर. जरा उतरलाय बघा." मला हसू यायचं. असल्या माणसावर आपण कधी रागावू, असं वाटलंही नव्हतं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांना एका परदेशी रचनेचं वेड लागलं. तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी चर्चमधल्या अवाढव्य ऑर्गनसाठी बांधलेली. पुतण्यानं मोबाइलवर ऐकवली आणि मास्तर त्यात अडकले ते अडकलेच. खाली तीन-तीन मात्रांची एकच उदास, संथ धून. ती वीस वेळा फिरून येते. वर मात्र दर फेरीला नवं काहीतरी. कधी थांबत थांबत उसासे, कधी धावत्या ताना, कधी चार सूर एकमेकांच्या मागे लागलेले. "आपला लेहराच की हो हा," मास्तर म्हणाले.

लेहरा त्यांना ठाऊक असणारच. तबलजी रंगात येऊन वाजवत असताना त्याच्यामागे बसून पेटीवर तीच ती ओळ धरून ठेवायची, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं. "पत्रिकेत तबलजीचं नाव ठळक, लेहरेवाल्याचं बारीक. कदी कदी तर न्हायच," असं ते हसत सांगत. पण ते मनाला लागलेलं आहे, हे लपायचं नाही.

त्या मोठ्या ऑर्गनला पायांनीही सूर वाजवता येतात. "तिथं पाय गातेत, बाई. आपले नुस्ता वारा भरतेत." म्हणून खालच्या धुनेला त्यांना माणूस हवं होतं. मी तुळजापूरच्या शाळेतली शिक्षिका, भजनापुरती पेटी येणारी. चार वर्षं दर रविवारी नळदुर्गला जाऊन मी ती धून वाजवली. वरचं शिकवा म्हटलं, की उत्तर ठरलेलं: "आदी खालचं पक्कं करा. खालचं हललं की वरचं समदं पडतंय."

मध्ये एक जागा येते. तिथं ती धून खाली राहतच नाही. चढून सगळ्यांच्या वर जाऊन बसते. "ही जागा तुमची," मास्तरांनी कबूल केलं होतं. "तुमी वर जावा. खाली मी धरतो." त्या एका फेरीसाठी मी बाकीच्या एकोणीस वाजवत होते.

तुळजापुरात कार्यक्रम ठरला. आदल्या रविवारी त्यांनी मोबाइल पेटीजवळ ठेवला आणि सरावाला म्हणून माझ्याकडून सगळ्या फेऱ्या वाजवून घेतल्या. "तुमच्या जागेलाबी आज खालचंच धरा, सरावापुरतं." मी वेडी, धरलं.

कार्यक्रमाला ठेवणीतली साडी नेसून, रिक्षात पेटी घालून गेले, तर स्टेजवर पायपेटी, एक खुर्ची आणि स्पीकर.

"मास्तर, माझी पेटी कुठं ठेवू?"

ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमी आज समोर बसून ऐका, बाई. चार माणसांपुढं हात कापतो. मशीनचा कापत न्हाय."

माझा हात कधी कापला होता? त्या रविवारी मोबाइलनं टिपलेली माझीच धून मी तिसऱ्या रांगेत बसून स्पीकरमधून ऐकली. मधूनमधून तीत माझ्या बांगड्याही वाजत होत्या. माझी जागा आली. मास्तरांनी ती स्वतःच वाजवली, आणि अप्रतिम वाजवली. टाळ्या झाल्या, शाल-श्रीफळ झालं. माझं नाव बारीक अक्षरातसुद्धा नव्हतं. ते दुखणं काय असतं हे ज्याला पुरतं माहीत, त्यानंच ते मला दिलं, हे मी अजून पचवू शकलेले नाही.

पुढचा रविवार मी चुकवला, मग सगळेच. काही महिन्यांनी मास्तर सांगलीला लेकीकडं कायमचे राहायला गेले. जाताना टेम्पोतून पायपेटी माझ्या दारात पाठवली. टेम्पोवाला म्हणाला, "बाईलाच द्या म्हनले." दुसरा निरोप नव्हता.

खूप दिवस तिच्यावर चादर होती. परवाच्या रविवारी बसले. पाय आपोआप हलू लागले, थेट मास्तरांसारखे, आणि त्याचाही राग आला. मग माझी जागा वाजवली. धून नीट वर चढली, एकही सूर चुकला नाही.

खाली धरायला कुणी नव्हतं.