सागवानी साष्टांग नमस्कार

आता काय आणि कसं सांगावं! माझ्या हातून घडलेला हा प्रमाद सभ्य भाषेत मांडण्याचा मी बराच प्रयत्न केला आहे. तुम्ही चहाचा घोट तेवढा आधी गिळून घ्या.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन मी कलकत्त्याला, भवानीपुरात मालूआत्याकडे राहत होतो. आत्या जन्मापासून कलकत्त्याची. दिवाणखान्यातली तडे गेलेली लाल सिमेंटची जमीन तिला नकोशी झाली होती. कलकत्त्याजवळच बजबजला नदीकाठचा एक जुना बंगला पाडत होते. तिथल्या सागवानी फळ्या तिने स्वतः ठोकून, वास घेऊन निवडल्या आणि चिनी सुताराकडून बसवून घेतल्या. काय ती जमीन! मधासारखा रंग, सांधा शोधूनही सापडेना. मी तर वहाणा खाली जिन्यातच काढू लागलो.

त्याच सुमारास वासंतीच्या घरची मंडळी आमचं घर पाहायला येणार होती. वासंतीला मी तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात पाहिलं होतं आणि तेव्हापासून, अत्यंत संयत शब्दांत सांगायचं तर, माझं अन्नावर लक्ष नव्हतं. तिचे वडील अप्पासाहेब बँकेत अधिकारी, नागपूरहून बदलून आलेले. त्यांनी निरोप धाडला होता, "शिक्षण ठीक आहे. मुलाचं वळण पाहू."

आत्या म्हणाली, "माधवा, जमिनीवर मेणाचा एक हात फिरव. एकच हं!"

तुम्हीच सांगा, रसायनशास्त्राच्या माणसाने एकावर थांबावं? मेण आणि टर्पेंटाइन यांचं प्रमाण मी स्वतः सुधारलं आणि निव्वळ खबरदारी म्हणून आणखी काही हात दिले. जमिनीत माझा भांग दिसू लागला!

वासंतीसह मंडळी येऊन कोचावर बसली. आत्याने खुणावलं. पायांत नवे पायमोजे घालून मी अप्पासाहेबांना वाकून नमस्कार करायला पुढे झालो, वाकलो, आणि पाय मागच्या मागे निघून गेले! क्षणार्धात मी पालथा, हात पुढे पसरलेले, कपाळ थेट त्यांच्या पायांवर.

पडताना तोंडातून काहीतरी निघालं, ते कुणाच्या कानी गेलं नसावं.

"अगं, पाहिलंस?" अप्पासाहेब पत्नीला म्हणाले. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "साष्टांग! हल्ली पुण्यातसुद्धा दिसत नाही हे!"

मी प्रामाणिकपणे तोंड उघडलं. "त्याचं असं आहे, घर्षण कमी..."

"आमच्याकडे पद्धतच आहे ती," आत्या घाईने म्हणाली. "माधवा, काकूंना घाल की!"

काय करणार? घातला. मग वासंतीच्या मामांना घातला. एवढ्यात नवी जमीन पाहायला शेजारचे मुखर्जीबाबू डोकावले.

"हेही वडीलधारेच," अप्पासाहेब कौतुकाने म्हणाले.

मी पुन्हा आडवा! हे काय करतोस, असं बंगालीत ओरडत मुखर्जीबाबू उडी मारून मागे सरले. "आरे आरे, की कोरछो, बाबा!"

लग्न तिथेच ठरलं. सासुरवाडीला आजही मंडळी माझ्याकडे अपेक्षेने पाहतात. तिथे खडबडीत शहाबादी फरशी आहे. तिच्यावर मुद्दाम पडावं लागतं.

लग्नानंतर मी वासंतीपाशी भीतभीत सत्य सांगितलं.

"ठाऊक आहे," ती शांतपणे म्हणाली. "नमस्कार घालणारा माणूस 'अगं आई गं' म्हणत नाही."

"मग होकार कसा दिलास?"

"होकार मी त्या जमिनीला दिला. तुम्ही तिच्यावर पडलेले होतात, म्हणून सोबत आलात!"