बेबीनंदाचं बिछायत केंद्र

जाफराबादच्या बसस्टँडमागे कल्याण मंडप व बिछायत केंद्र आहे आणि त्याच्या बरोबर समोर माझं झेरॉक्सचं दुकान. त्यामुळे बेबीनंदाच्या घरातलं काही माझ्यापासून लपून राहिलेलं नाही. तसं त्यासाठी समोर दुकान असायचीही गरज नाही. बाई फोनवर बोलायला लागली की जीपवाले सीटा भरायचं सोडून ऐकत उभे राहतात.

ती जांब समर्थची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या नवऱ्याकडे, कल्याणकडे, थोड्या खुर्च्या, चार कढया आणि एक जुना पिकअप होता. माणूस कामाचा. झालर अशी लावायचा की पत्र्याच्या घरापुढचं लग्नही पैसेवाल्याचं वाटावं. पण या धंद्यात एक गोम आहे. मंडप मनासारखा झाला की यजमान खूश होतो आणि खूश झालेला यजमान बाटली काढतो. लग्नसराईत रोज कुणी ना कुणी खूश असायचंच. पुढे पुढे लग्न नसेल त्या दिवशी कल्याण स्वतःच स्वतःवर खूश व्हायला लागला.

बेबीनंदा भांडली, रुसून माहेरी गेली, परत आली, शपथा घालून झाल्या. फरक पडला तो पिंपळगावामुळे.

आपल्याकडे चार गावं सोडली की एक पिंपळगाव येतं. कल्याणनं सकाळीच घेतलेली, त्यात त्यानं सगळा मंडप भलत्याच पिंपळगावात नेऊन उतरवला. तिथल्या लोकांनी विचारलं, लग्न कुणाचं? हा म्हणाला, "तुमच्या गावातलं लगन, मला काय विचारता?" मारुतीपुढे झकास मंडप घातला आणि त्याच मंडपात झोपी गेला. खऱ्या पिंपळगावात मे महिन्याच्या उन्हात वऱ्हाड लिंबाखाली जेवलं. संध्याकाळी नवरीचा बाप दुकानावर आला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "बाई, एकुलती एक पोरगी व्हती माझी," पायरीवर बसून पाणी प्याला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कल्याण आपणहून म्हणाला, "बेबी, मला कुठंतरी नेऊन टाक." छत्रपती संभाजीनगरजवळच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात तिनं त्याला भरती केलं आणि पदर खोचून दुकानात बसली. अवघड ते संपलं, असं तिला वाटलं.

मग ती केंद्राची फी काढायला बँकेत गेली, तर दुकानाचं खातं गोठवलेलं. जीएसटी विभागाचा आदेश आहे, असं बँकेतल्या माणसानं सांगितलं. तिथून ती तडक माझ्याकडे आली.

"भाऊ, जीएसटी तर हॉटेलच्या बिलात असतो ना? आमच्या मागं कशाला लागून राह्यला?"

मी तिला कर सल्लागार रामप्रसाद यांच्याकडे पाठवलं. त्यांनी चहा मागवला, म्हणजे बातमी वाईटच होती. कल्याणनं सरकारी कार्यक्रमांना मंडप दिले होते, बिलात कर लावून घेतला होता आणि तो भरलाच नव्हता. विवरणपत्रंही कधीपासून भरलेली नव्हती. शेवटी विभागानं अंदाजानं कर काढला आणि असा अंदाज काही कमी नसतो. त्यावर व्याज, त्यावर दंड. मग एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. पिकअपचे हप्ते थकले होते. जनरेटरवाल्या मुझफ्फरकडून हातउसने घेतले होते. आणि तिचा जो सोन्याचा पोहेहार लॉकरमध्ये आहे असं ती समजत होती, तो सोनेतारण कर्जात गेला होता.

हाराचं कळलं त्या दिवशी ती गप्प बसली. समोरच्या दुकानातून दिवसभर आवाज आला नाही. मला ते फार चमत्कारिक वाटलं.

दोन दिवसांनी ती पुन्हा पूर्वीसारखी. तिनं बेत केला होता. भावाकडून पैसे आणायचे, वाटणीतलं काय ते मागायचं आणि कल्याण घरी यायच्या आत सगळं फेडून टाकायचं. आल्या आल्या त्याला टेन्शन नको, नाहीतर पुन्हा बाटली जवळ करायचा. निघण्याआधी मात्र ती जालन्याला जाऊन आली. मस्तगडला एका शाळेच्या वर्गात दर रविवारी अशा नवऱ्यांच्या बायकांची बैठक भरते, असं केंद्रातून सांगितलं होतं. तिथं बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या साठीच्या रहिमुन्निसा भेटल्या. बेबीनंदानं आपला बेत मोठ्या अभिमानानं सांगितला. रहिमुन्निसा हसायलाच लागल्या.

"मीबी बराबर हेच केल्तं, बेटी. त्यांचा सगळा कर्जा मी फेडला. डोक्यावरचं ओझं गेलं म्हणून ते खूश झाले आन् त्या खुशीत पिऊन आले."

"मंग काय करू? बघत बसू?"

"आज त्याचा कर्जा फेडशील, उद्या त्याचा घास चावून देशील. ज्याचं त्याला करू दे. तू संग बस. संग बसणं बी लई मोठं काम हाये."

बेबीनंदाला ते मुळीच पटलं नाही. परतीच्या बसमध्ये ती सारा रस्ता मनातल्या मनात रहिमुन्निसांशी भांडली. पण माहेरी गेली नाही. घरखर्चासाठी तिनं आपल्या नावावर वेगळं खातं काढलं, भांडी भाड्यानं द्यायचं काम त्यावर घेतलं आणि बाकी सगळं होतं तसं ठेवलं.

कल्याण घरी आला तेव्हा त्याचे गाल बसलेले होते आणि मिशी गायब होती. तिनं त्याला पोटभर जेवू घातलं, मुलीला, तृप्तीला, शाळेत पाठवलं आणि म्हणाली, "उद्या जालन्याला जीएसटीच्या ऑफिसात जायचंय. बोलायचं तुम्ही. मी बाजूला बसणार."

"तूच बोल की. तुला बराबर बोलता येतं."

"मला येतं. तुम्हाला येत न्हाई, म्हणूनच तुम्ही."

ऑफिसातल्या अधिकारी बाई तरुण होत्या. फाईल चाळून त्यांनी विचारलं, "इतके दिवस रिटर्न का भरले नाहीत?" कल्याणनं बायकोकडे पाहिलं. बेबीनंदा पंख्याकडे बघत होती. तोंड मिटून ठेवायला आपल्याला आयुष्यात कधी एवढा त्रास झाला नव्हता, असं ती नंतर सांगायची.

"मॅडम," कल्याण म्हणाला, "दारू पिऊन राह्यल्तो."

अधिकारी बाईंचं पेन थांबलं. "अहो, हे कारण लिहायचं कुठं?"

"कुठंबी लिवा. खरं तेच हाये."

रामप्रसादांनी घाईघाईनं पुढचं सांभाळलं. राहिलेली विवरणपत्रं भरली, तशी अंदाजाची रक्कम बरीच खाली आली. काही भरणा लगेच करायचा ठरला, उरलेल्याचे हप्ते पाडून मिळाले. बाहेर आल्यावर कल्याणचा शर्ट घामानं चिंब झाला होता. त्यानं गाड्यावर उभ्या उभ्या दोन प्लेट भजी खाल्ली आणि म्हणाला, "चल, आता मुझफ्फरकडं."

मुझफ्फर पैशाचं ऐकून घेईना. "पैसे देशील सवडीनं, यार. आधी माझा जनरेटर कुठाय ते सांग." कल्याणला आठवेना. तिघांनी मिळून मागचा उन्हाळा आठवून काढला आणि जनरेटर अखेर त्या भलत्या पिंपळगावात, मारुतीच्या देवळामागे सापडला. पुजाऱ्यानं तो ताडपत्रीखाली नीट झाकून ठेवला होता. गावकऱ्यांनी वर चहा पाजला आणि मंडप छान होता म्हणून सांगितलं.

पुन्हा लग्नसराई आली, तेव्हा ती पिकअपमध्ये त्याच्या शेजारी बसून गावोगाव जायला लागली. मालक कोण, असं कुणी विचारलं की म्हणायची, "मालक खुंट्या ठोकून राह्यले, हिशोबाचं माझ्याशी बोला." सुरुवातीला कुणी बाटली पुढे केली की तीच मध्ये पडायची. मग रहिमुन्निसांचं आठवून जीभ चावायची आणि खुर्च्या मोजायला निघून जायची. कल्याणला हळूहळू उत्तर सापडलं. "माझा कोटा मी लवकर संपवला, पाव्हणं," तो म्हणायचा. लोक हसायचे आणि सोडून द्यायचे.

सगळं असंच सरळ झालं असतं तर किती बरं. पावसाळ्यात धंदा बसला, पिकअपवाल्या फायनान्सची माणसं दारात येऊन चार लोकांत बोलून गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कल्याण तिला गोदामात गुंडाळलेल्या गाद्यांवर सापडला. वास दारापर्यंत येत होता. तिनं त्याला उठवलं नाही. तिथंच दुसऱ्या गादीवर बसून ती रडली आणि मग तिनं रहिमुन्निसांना फोन लावला.

"पुन्हा पिले, खाला. सगळं वाया गेलं."

"तू जेवलीस का?"

"न्हाई."

"मंग आधी जेव. वाया गेलं का न्हाई, ते जेवल्यावर बघू."

तिनं भाकरी खाल्ली. हे मला तिनं सांगितलं तेव्हा हसत होती, पण डोळे पुसत होती.

सकाळी कल्याण उठला, त्यानं केंद्रातल्या आपल्या सोबत्याला स्वतः फोन केला आणि जालन्याची बस धरून तो दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला गेला. जीएसटीचा हप्ता चुकायची वेळ आली होती. तिच्या भांड्यांच्या खात्यात तेवढे पैसे होते, हे दोघांनाही माहीत होतं. तिनं दिले नाहीत आणि त्यानं मागितले नाहीत. त्यानं आपला लाडका डीजे विकला, मोठ्या भोंग्यांसकट. ज्या दिवशी भोंगे गाडीत चढले, त्या दिवशी सारा बसस्टँड हळहळला. मी मात्र मनातून सुखावलो, कारण माझ्या काचा त्या भोंग्यांनी कायम थरथरायच्या.

जीएसटीचा शेवटचा हप्ता यंदा फिटला. खातं त्याआधीच मोकळं झालं होतं. पिकअपचं कर्ज अजून चालू आहे, मुझफ्फरचे थोडे राहिलेत आणि पोहेहार सुटायला अजून एक लग्नसराई लागेल. त्या दुपारनंतर कल्याण प्यायलेला नाही. पुढचं काही सांगता येत नाही, असं तो स्वतःच म्हणतो, आणि आपली रविवारची बैठक चुकवत नाही.

मागच्या महिन्यात एकाच मुहूर्तावर दोन लग्नं आली. पिकअपमधून एका गावाला कल्याण जाणार, भाड्याचा टेम्पो घेऊन दुसऱ्या गावाला बेबीनंदा. तो केंद्रातून आल्यापासून कामावर बरोबर नसण्याची ही पहिलीच वेळ. दुपारपर्यंत तिनं कळ काढली, मग फोन केला.

"पाण्याचे जार पोचले का?"

"पोचले की सकाळीच. का?"

ती त्याचा आवाज ऐकत राहिली. आवाज साधाच होता, जरासा वैतागलेला, मागे सनई.

"काही न्हाई. जेवून घ्या," ती म्हणाली आणि फोन ठेवला, कारण नवरदेवाकडची माणसं येऊन उभी राहिली होती आणि त्यांना आणखी पन्नास खुर्च्या लगेच पाहिजे होत्या.