निनावी पेटी आणि दुकानाचा कॅमेरा

मंडळी, आज सकाळी कुरुळीत कामगारांच्या खोल्यांखाली लावलेली आपल्या कंपनीची निनावी तक्रारपेटी उघडली. पेटीच्या कामाचा प्रमुख मी, चावी फक्त माझ्याकडे. आत एकच चिठ्ठी. कंपनीतलं तांबं कोण चोरून विकतंय, ते लिहिलेलं. खाली नाव नाही.

चिठ्ठी खिशात घालतोय तोच शेजारचे किराणा दुकानदार भाऊ हसत म्हणाले, "काय राव, काल वरच्या खोलीतल्या वहिनींनी काय लिहून टाकलं व्हतं?"

यांना कसं कळलं?

मान वर केली. पेटी कुणी पळवू नये म्हणून आम्हीच ती त्यांच्या कॅमेऱ्यासमोर लावली होती!

पेटी लगेच उतरवली. पण भाऊंना ही चौकशी कशाला हवी? आणखी कुणाला बोललेत ते?

नाव फुटणार नाही, हा शब्द मी दिला होता. आता वहिनींना कोणत्या तोंडानं सांगू?