शंभर टक्के बॅटरी जाते कुठं?

जुन्या लॅपटॉपच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. पंख्यात धूळ बसते तसे ते आपोआप बसत जातात आणि कधी साफसफाई काढली की एकदम बाहेर पडतात. आमचं दुकान नवी पेठेतल्या एका बोळात, साडीवाल्याच्या माडीवर. पुढं गिऱ्हाइकांशी बोलायला मी, मागं दुरुस्तीला मल्लूअण्णा. आम्ही विकलेला लॅपटॉप परत आला, की तक्रार ठरलेली : "बॅटरी लई लवकर उतरायलीय!"

अण्णाची एक पद्धत आहे. लॅपटॉप उघडण्याआधी तो गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवतो आणि म्हणतो, "सकाळपासून सांगा." म्हणजे तुम्ही उठल्यापासून त्या लॅपटॉपचं घरात काय काय होतं, ते सगळं सांगायचं. डॉक्टरसुद्धा एवढं विचारत नाहीत! सुरुवातीला मला हे नाटक वाटायचं.

* * *

कुर्डुवाडीचे एक रिटायर्ड रेल्वेवाले आले. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात वही. वहीत दर पाच मिनिटांची नोंद. नऊ वाजता शंभर टक्के, नऊ पाचला शहाण्णव, नऊ दहाला ब्याण्णव. अक्षर तर असं, की छापून भिंतीवर लावावं.

"दोन तासांत खल्लास!" ते म्हणाले. "पुरावा हाय माझ्याकडं."

अण्णा म्हणाला, "सकाळपासून सांगा."

"नवाला चालू करतो. आकडा नीट दिसावा म्हणून उजेड फुल ठेवतो. स्क्रीन झोपू नये म्हणून मधनंमधनं बटण दाबतो."

"बरं. आणि त्याच्यावर काम काय करता?"

काका आमच्याकडं बघतच राहिले.

"काम कसलं? बॅटरी बघतो की!"

* * *

त्याच दुपारी श्रुती पहिल्यांदा आली. पुण्याच्या एका कंपनीचं काम ती आमच्या गावातूनच, घरी बसून करते. घरात ती आणि वडील, दोघंच. लॅपटॉप आमच्याचकडनं घेतलेला, त्यामुळं मी जरा मऊच बोललो.

"चार्जिंगला लावलेला असतो, तरी बॅटरी उतरते," ती म्हणाली. "बरोबर बाराच्या मीटिंगमध्ये बंद पडतो. दोनदा झालं. आता तिसऱ्यांदा झालं तर गुपचूप पुण्याला येऊन बसा म्हणालेत."

"मग?"

"मग काय! बाबांना एकटं टाकून जाऊ कशी? आणि हे त्यांना सांगितलं तर ते म्हणणार, जा. माझी काळजी करू नको म्हणणार."

अण्णानं चालू होताना आपोआप सुरू होणारे सतरा प्रोग्राम बंद केले, उजेड कमी केला, पंखा साफ केला. दोन दिवस लॅपटॉप नीट चालला, मीटिंग तेवढी सुट्टीमुळं नव्हती, म्हणून आमची छाती फुगलेली. तिसऱ्या दिवशी ती परत दारात! मीटिंग सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी लॅपटॉप गेला होता. शेजारणीच्या मोबाइलवरनं कशीबशी मीटिंगला बसली, म्हणून वाचली.

* * *

आता ह्या अक्का बघा. घरात टॉवेल विणायचा धंदा, बोलणं अर्धं मराठी, अर्धं तेलुगू. पोराचा लॅपटॉप घेऊन आल्या. पंखा असा ओरडत होता की खालचा साडीवाला वर बघून गेला. बॅटरी तासभरसुद्धा पुरत नाही म्हणाल्या.

लॅपटॉपला चारी बाजूंनी जाड टॉवेलचं कव्हर! स्क्रीन आणि बटणं तेवढी उघडी. किनार, टिपा, सगळं झकास.

अण्णा हात जोडून म्हणाला, "अक्का, गरम हवा बाहेर पडायला ह्याला इथं भोकं हायत. तीच तुम्ही बुजवलीत. पंखा पळून पळून बॅटरी खातोय."

अक्का ओशाळल्या. "थंडीत गार लागतंय म्हणाला पोरगा. मला वाटलं, ह्यालाबी लागत असंल."

चार दिवसांनी परत आल्या. मला वाटलं, झालं, पंखा जळाला! तर नवीन कव्हर दाखवायला आल्या होत्या. हवेच्या भोकांवर शर्टाला करतात तशी काजं केलेली, मोजून अकरा. आणि प्रत्येकाला बटण!

"झोपताना लावायची," अक्कांनी समजावून सांगितलं.

* * *

उजनीकाठच्या वस्तीवरचे एक केळीवाले आले, त्यांचं तर वेगळंच. पोरीच्या अभ्यासाला घेतलेला लॅपटॉप. बॅटरी अण्णानं तपासली, ठणठणीत. घरी मात्र झाकण मिटून ठेवला तरी उतरते.

"सकाळपासून सांगा."

"सकाळी लाइट जाती. मग शेजारचे मोबाइल आणून देतेत चार्जिंगला."

"किती?"

"दोनच की." मग जरा थांबून, "लॅपटॉपला भोकंच दोन हायत. म्हणून पोरीनं ते एकाचे चार होतेत, ते आणलं."

म्हणजे झाकण मिटलेला लॅपटॉप आणि त्याला लोंबकळणारे पाच मोबाइल! अण्णानं कपाळाला हात लावला. "मालक, हा लॅपटॉप हाय की वस्तीचा ट्रान्सफॉर्मर?"

"खरं हाय तुमचं," केळीवाले म्हणाले. "पर एक इचारू का? मोटरसायकलीची बॅटरी चढंल का वो ह्याच्यावर?"

* * *

ह्या सगळ्यांची दुखणी स्टुलावर सापडली. श्रुतीचं काही सापडेना. दुसऱ्या खेपेला अण्णानं नवी बॅटरी घातली, वर स्वतःच्या वापरातला चार्जर दिला. चार्जर लावून दुकानात चार तास चालवून बघितला, कुठं अडखळला नाही. घरी नेला की बाराच्या आसपास उतरलेलाच, परत शेजारणीचा मोबाइल. सोमवारी मोठ्या साहेबांची मीटिंग होती आणि श्रुतीचा चेहरा एवढासा झालेला. अण्णानं जेवण सोडायचं तेवढं बाकी होतं.

"ह्याची सकाळ घरी जाऊनच बघू," तो म्हणाला. सोमवारी पावणेनवाला आम्ही दोघं तिच्या दारात.

श्रुती आतल्या खोलीत, कानाला हेडफोन. तिथला पॉइंट बंद, म्हणून हॉलमधनं एक्स्टेंशनची वायर आत गेलेली. लॅपटॉपचा चार्जिंगचा दिवा आम्ही विकला तेव्हापासूनच लागत नाही, हे इथं कबूल करतो. तिचे वडील, सिद्रामप्पाकाका, भला माणूस. आम्हाला चहा दिला, पेपर दिला, आमच्या पोराबाळांची चौकशी केली. मग नऊच्या सुमाराला उठले, हॉलमधल्या बटणापाशी गेले, टक करून एक्स्टेंशन बंद केलं आणि परत येऊन खुर्चीत बसले.

मी आणि अण्णा एकमेकांकडं बघतोय.

"काका," अण्णा हळूच म्हणाला, "ते बटण...?"

काकांनी आतल्या दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "ते बंद झाल्याशिवाय पोरगी उठतच न्हाय हो. जेवण तिथंच, बोलणं तिथंच. बॅटरी संपली की मात्र बाहेर येती. चार्ज होईपर्यंत माझ्यासंगं बसून दोन घास खाती. तिच्या खुर्चीचा आवाज आला की मी लगेच बटण चालू करतो."

"रोज?"

"मीटिंगचा दिवस असला तरच. इतर वेळी उठती ती आपली. पूर्वी बरं होतं, साडेअकराला बंद केलं की बाराला काम व्हायचं." आणि जरा तक्रारीच्या सुरातच म्हणाले, "तुमी ती नवी बॅटरी घातल्यापासून नवालाच बंद करावं लागतंय!"

आम्ही दोघांनी इतक्या दिवसांत जे जे बदललं होतं, ते माझ्या डोळ्यांसमोरनं गेलं. हसू आवरत नव्हतं आणि हसायची हिंमतही होत नव्हती. अण्णानं मात्र काकांचा हात धरला आणि श्रुतीनं त्यांच्यापासून लपवलेलं सगळं सांगून टाकलं. आज लॅपटॉप बंद पडला, तर पोरगी पुण्याला!

काका उठले, बटण चालू केलं आणि खुर्ची उचलून बटणाला पाठ लावून बसले. मीटिंग संपेपर्यंत तिथनं हलले नाहीत. दूधवाला आला, त्यालासुद्धा बसूनच पातेलं आमच्या हातानं दिलं.

मीटिंग पार पडली. श्रुती हसत बाहेर आली. "काय निघालं हो?" तिनं विचारलं. काका माझ्याकडं बघत होते.

"वायर ढिली होती," अण्णा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय, तोवर काका जिना चढून वर. मला वाटलं, आभार मानायला आले असतील. त्यांनी मला ओलांडलं, सरळ अण्णापाशी गेले आणि विचारलं, "मीटिंग एकला संपती. त्या दिवशी सव्वाएकला आपोआप बंद पडंल, असं काय बसवता येतंय का?"

अण्णानं हातातलं काम खाली ठेवलं. "येतंय की. किती वेळ बंद ठेवू? अर्धा तास?"

काकांनी नकारार्थी मान हलवली.

"कडक भाकरी असती हो. पाऊण तास धरा."